पाणी नेमके कुठे मुरते?

सदाशिव पेठेतला वाडा असो, नाहीतर एरंडवण्यातली १९७०च्या सुमाराची तीन मजली इमारत, जुन्या घरातली नळाची तक्रार सहसा नवी नसते. मोरीच्या भिंतीला पोपडे येतात, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला पिवळट डाग धरतो. प्लंबर येतो, फरशी उचकटतो, चार फूट पाइप बदलतो, वर पांढरे सिमेंट भरतो आणि जातो. पुढच्या वर्षी डाग पुन्हा हजर, तिथेच किंवा हातभर सरकून. याची दोन कारणे घरोघर तोंडपाठ असतात. पाइप जुने झाले, हे एक. प्लंबर लबाड आहे, काम मुद्दाम अर्धवट ठेवतो, हे दुसरे. दोन्हींत थोडे तथ्य असेलही. पण पाइप बदलला आणि प्लंबरही बदलला तरी तक्रार का उरते, हे त्यांतून कळत नाही. पुण्याच्या पाण्याचा गेल्या पावणेतीनशे वर्षांचा प्रवास पाहिला तर माझ्या मते उत्तर दुसरीकडे सापडते. जुन्या घरातली दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागते याला कारण दोन गोष्टी आहेत: पाण्याच्या वाटेपर्यंत हात पोहोचत नाही, आणि ती वाट कोणाची हे ठरलेले नसते. पाइपाचे वय त्यानंतर येते.

आधी वाडा पाहू. पेशवाईतल्या वाड्यात पाण्याला ठरलेली जागा होती. मागच्या चौकात आड, त्यावर रहाट, शेजारी धुण्याचा दगड, त्याला लागून न्हाणीघर. सांडपाणी परसातल्या केळी-अळूकडे नाहीतर बोळातल्या गटाराकडे जाई. शेतखाना असलाच तर पार मागच्या टोकाला. जोते घडीव दगडाचे, त्यावर लाकडी खांब आणि तुळया, मधल्या भिंती विटामातीच्या किंवा चुन्यातल्या. वरच्या मजल्याची जमीन म्हणजे कडीपाटावर चोपून बसवलेली माती, वरून शेणाने सारवलेली. अशा जमिनीवर घागर उपडी झाली तर खालच्या माजघरात थेंब पडणार, हे बांधणाऱ्याला पक्के माहीत होते. म्हणून ओल्याची कामे खाली आणि उघड्यावर, निजायची-बसायची जागा वर आणि कोरडी. वर पाणी जाई ते कळशीने, म्हणजे मोजून. चुना आणि माती ओल धरतात तशी सोडतातही. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत भिंत पुन्हा खडखडीत होई. वाड्यात पाण्याची व्यवस्था नव्हती असे आपण सहज म्हणतो. व्यवस्था होती, फक्त माणसाने पाण्याकडे जायचे, पाणी माणसाकडे येणार नाही, या बोलीवर.

शहरापुरते बोलायचे तर याच विचाराची मोठी आवृत्ती म्हणजे कात्रजचा नळ. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५०च्या आसपास, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. पुढे नाना फडणवीसांच्या काळात आंबेगावकडूनही एक नळ सदाशिव पेठेच्या हौदाकडे आला. इथे नळ म्हणजे लोखंडी नळी नव्हे; दगडाविटांचा, चुन्यात बांधलेला, माणूस आत उतरू शकेल एवढा भुयारी पाट. पाणी ढकलायला कोणतेही यंत्र नाही, सगळे काम उताराने. या बांधकामाचे कौतुक करताना लोक बहुधा अंतराबद्दल बोलतात किंवा शनिवारवाड्यातल्या कारंज्यांबद्दल. मला त्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो तो उच्छ्वासांचा. हे उच्छ्वास म्हणजे नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी जमिनीच्या वर आलेली बांधीव धुराडी. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, पाण्याचा दाब साठत नसे, आणि गाळ काढायला किंवा खचलेला दगड बसवायला माणूस आत उतरू शके. म्हणजे नळाचा कोणताही टप्पा कुठून ना कुठून तरी हाताच्या टप्प्यात होता. पाणी पुढे पेठांतल्या हौदांत पडे आणि लोक ते हौदावरून भरून नेत. दुसरी गोष्ट मालकीची. तलावापासून हौदापर्यंत सगळे सरकारी. नळ तुंबला तर खुद्द पेशव्यांच्या वाड्यातली कारंजी बंद पडणार. दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, यावर वाद घालायला कोणाला सवड असणार?

यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की ही गतकाळाची आरती झाली. हौद सार्वजनिक होते खरे, पण कोणासाठी? अस्पृश्य मानलेल्या माणसाला पेठेतल्या हौदाला हात लावण्याची सोय नव्हती. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अशा माणसांना खुला केला. कात्रजचे पाणी शहरात येऊन शंभरावर वर्षे झाली होती, तरी ही घटना बंडासारखी ठरली, यातच त्या व्यवस्थेचा निकाल लागतो. आडाचे पाणी शेंदून माडीवर नेणाऱ्या बायकांच्या खांद्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. टोपलीच्या संडासांची घाण वाड्यामागच्या बोळातून डोक्यावरून वाहून नेणारी माणसे तर त्या व्यवस्थेचा पाइपच होती, आणि ही स्थिती विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. तेव्हा नळ घरात आला हे चांगलेच झाले, उशिराच झाले. माझा मुद्दा एवढाच, की नळ आणताना उच्छ्वासामागचे तत्त्व टाकून द्यायची काही गरज नव्हती. आपण ते टाकले.

नळ आला तो इंग्रजी अमदानीत. पुण्याची नगरपालिका १८५७ची. त्याआधीच सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुळा-मुठेवर बांध घालून पाण्याची एक सोय झाली होती. पण खरी क्रांती मुठेवरच्या खडकवासला धरणाने केली. ते १८७९ साली पुरे झाले; कॅप्टन फाइफ या अभियंत्याच्या नावावरून त्या जलाशयाला लेक फाइफ म्हणत. पुढे १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी तिथे आपोआप उघडणारे दरवाजे बसवून धरणाची उंची न वाढवता साठा वाढवला. शहराच्या पाण्याचा इतिहास म्हणून आपण बहुधा असाच धरणांचा इतिहास लिहितो. धरणापासून रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपर्यंतचे सगळे नकाशांवर आहे, अहवालांत आहे, अभियंत्यांच्या नावानिशी आहे. वाहिनीपासून मोरीतल्या चावीपर्यंतचे शेवटचे दोनशे फूट मात्र कुठेच नोंदलेले नाहीत, आणि जुन्या घराची दुखणी नेमकी त्या दोनशे फुटांत आहेत.

त्या टप्प्याचे काय झाले ते वाड्याच्या मागच्या भिंतीवर वाचता येते. सुरुवातीला नळ आला तो चौकात, आडाच्या शेजारी, सर्वांना मिळून एक. जुनी बोली तोवर शाबूत होती. मग वाड्यात बिऱ्हाडे वाढली. एका कुटुंबाचा वाडा पंधरा-वीस भाडेकरूंचा झाला आणि चौकातल्या नळावरची भांडणे नाटककारांना पुरून उरली. ज्याची ऐपत होती त्याने आपल्या खर्चाने वेगळा फाटा घेतला. तो बोळातल्या भिंतीवरून खिळ्यांनी अडकवत माडीवर गेला. त्याच्या शेजारून दुसऱ्याचा, त्यावरून तिसऱ्याचा. टोपलीचे संडास जाऊन फ्लशचे आले तेव्हा बिडाचे जाड पाइपही त्याच बोळातून चढले. निजायच्या खोलीचा कोपरा कापून मोरी झाली, म्हणजे कडीपाटावरच्या मातीवर फरशी घालून तिथे रोज दहा बादल्या पाणी ओतायची सुरुवात झाली. त्या मोरीखाली लाकडी तुळई आहे. तिच्यावर वर्षानुवर्षे थेंब पडतो, टोक भिंतीत कुजते, आणि एखाद्या श्रावणात वाड्याचा तो कोपरा बसतो. पावसाळ्यापूर्वी महापालिका दरवर्षी धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते. त्यांतले किती वाडे वयाने खचले आणि किती चुकीच्या जागी नेलेल्या पाण्याने, याची छाननी व्हायला हवी. माझा कौल दुसऱ्या कारणाकडे आहे.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचा एक सांधा बारकाईने पाहिला तर प्लंबरवरचा संशयही थोडा निवळेल. पाइप आरीने कापायचा, टोकाला डायने आटे पाडायचे, आट्यांवर सफेदा लावून ताग गुंडाळायचा आणि सॉकेट पान्याने आवळायचा, अशी ही जुनी रीत. आटे पाडताना पाइपाची जाडी कमी होते आणि जस्ताचा मुलामा तिथे खरवडून जातो. म्हणजे जिथे जोड तिथेच लोखंड उघडे आणि पातळ. गंज तिथूनच लागतो. आता गळका तुकडा कापून चार फूट नवा घातला, तर मधे युनियन लागतो, दोन्हीकडे नवे आटे लागतात. एक गळती मिटवताना दोन-तीन नवे सांधे जन्माला येतात. शिवाय पाना आवळताना जो पीळ बसतो तो दहा फुटांवरच्या, तागावर कसाबसा तग धरून असलेल्या जुन्या सांध्याला जाणवतो. तो महिन्याभरात गळू लागला की म्हणायचे, प्लंबरने बिघडवून ठेवले. त्याने दिलेले काम नीट केले असेल. मागितलेले कामच चुकीचे होते. अलीकडे तर जुन्या लोखंडाला प्लास्टिकचा पाइप जोडतात. दोन्हींचे तापून फुगणे वेगळे, त्यामुळे उन्हात तापणाऱ्या गच्चीवरचा तो जोड सैल पडतो तो पडतोच.

मग सगळी लाइन एकदाच का बदलत नाहीत? इथे मालकीचा प्रश्न येतो, आणि वाड्यांपुरते त्याचे उत्तर कायद्यात आहे. मुंबई प्रांताच्या १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे प्रमाण मानले. युद्धकाळच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवे होते आणि ते मिळाले, यात वाईट काही नाही. पण भाडे गोठले आणि पाइपाची किंमत गोठली नाही. १९९९चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्यात घर दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ती पाळली नाही तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. कागदावर हे न्याय्य दिसते. आता समजा एखाद्या वाड्यातल्या दोन खोल्यांचे भाडे महिना २० रुपये आहे. वर्षाचे २४०, त्याचा चौथा हिस्सा ६० रुपये. साठ रुपयांत सगळी लाइन बदलणे सोडाच, प्लंबर जिनाही चढणार नाही. मालकाला खर्च परवडत नाही आणि वाडा पडला तर ते त्याच्या फायद्याचेच. भाडेकरूला कायमस्वरूपी खर्च करायचा नाही, कारण जागा त्याची नाही. महापालिकेचा हात मुख्य वाहिनीपाशी थांबतो. अशा तिढ्यात जी दुरुस्ती शक्य असते तीच होते, म्हणजे चार फुटांची.

पुण्याच्या जुन्या घरांचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे घड्याळ, म्हणजेच ठरावीक वेळीच येणारे पाणी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही. नदीकाठच्या पेठांतले मातीतले वाडे भिजून बसले हे सर्वांना माहीत आहे. पण धरणच गेल्याने शहराचे नळही कोरडे पडले, आणि नळ आल्यावर अडगळीत गेलेले आड पुन्हा उपसावे लागले, हे आता फारसे कोणी आठवत नाही. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर उभे राहिले, शहर टेकड्यांपर्यंत पसरले, आणि ठरावीक वेळी येऊन ठरावीक वेळी जाणारे पाणी हा पुणेकराच्या दिनचर्येचाच भाग होऊन बसला. नळाला हे मानवत नाही. पाणी गेले की पाइपात हवा शिरते. ओले लोखंड आणि हवा यांची रोज गाठ पडली की गंज झपाट्याने वाढतो. पाणी परत येते ते कोंडलेल्या हवेला धक्का देत, आणि तो धक्का सांध्यांवर बसतो. त्यातून कोणी लाइनलाच मोटार लावून पाणी ओढले, की शेजारच्या गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरचे गढूळ पाणी आत खेचले जाते. नळाला सकाळी पहिली पाच मिनिटे तांबूस पाणी येते, त्यामागे हाच गंज असतो. कात्रजच्या नळाला उच्छ्वास कशासाठी होते, ते इथे नव्याने कळावे. चोवीस तास पाणी देण्याची महापालिकेची योजना पुरी झाली तर हा त्रास कमी होईल. मात्र दाब चोवीस तास राहिला की आज दोन तास गळणारा सांधा चोवीस तास गळेल, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

आता मुख्य आक्षेपाला सामोरे जायला हवे. कोणी म्हणेल, एवढा फापटपसारा कशाला? लोखंडाला वय असते, ते संपले, विषय संपला. लोखंडाला वय असते हे मान्यच आहे. पण घराला रंगही काही वर्षांनी द्यावा लागतो, आणि रंग उडाला म्हणून कोणी त्याला घराचे दुखणे म्हणत नाही. वेळ झाली की रंग देतात. पाइपाचे वय संपणे हीही तशीच नेहमीची बाब व्हायला हवी होती. झाली नाही, कारण रंग दिसतो आणि पाइप दिसत नाही. याचा पुरावा जुन्या वाड्यांत शोधायची गरज नाही, गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या इमारतींत तो ढळढळीत आहे. कोथरूड, बिबवेवाडी, औंध इथल्या सोसायट्यांत भाडेकरू कायदा आडवा येत नाही, कडीपाट नाही, माती नाही, सिमेंट-काँक्रीट आहे. तरी पंधरा-वीस वर्षांत तिथे तोच पिवळट डाग दिसतो. का, तर पाइप भिंतीत गाडले. बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेतला, त्यात पाइप टाकले, वर विटांचे तुकडे आणि कोबा भरून फरशी घातली. न्हाणी ट्रॅपचा सांधा सुटला की पाणी त्या विटांच्या तुकड्यांत मुरत राहते, महिनोन् महिने. ते खाली उतरते तेव्हा गळतीच्या जागी उतरत नाही, स्लॅबला जिथे वाट सापडेल तिथे उतरते. प्लंबर डागाच्या वर खोदतो. तिथे काहीच नसते. मग अंदाजाने दुसरीकडे.

वाड्याच्या बोळातले उघड्या पाइपांचे जाळे कुरूप होते यात शंका नाही. पण तिथे गळती झाली तर त्याच दिवशी दिसे, आणि शिडी लावली की हात पोहोचे. आपण सुबकपणाच्या मोबदल्यात ती सोय विकली. मालकीचा घोळही नव्या रूपात परत आला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने आणि संडास, सिंक यांची आतली गळती सदस्याने निस्तरायची अशी विभागणी आहे. वरवर स्वच्छ वाटते. पण पाणी कुठून येते हेच फरशी फोडल्याशिवाय कळत नसेल तर जबाबदारी ठरणार कशी? आणि जबाबदारी ठरल्याशिवाय वरच्या मजल्यावरचा सदस्य फरशी फोडू देत नाही. उपनिबंधकांच्या कार्यालयापर्यंत जाणाऱ्या भांडणांचे मूळ अनेकदा या एवढ्याशा गोष्टीत असते.

पुण्याला आपल्या जमिनीखालचेच आठवत नाही, तिथे घरातल्या भिंतीचे काय? २०१९ साली स्वारगेटला मेट्रोसाठी खोदकाम चालू असताना एक जुना बोगदा लागला. तो कशाचा, कोणत्या काळचा, यावर तर्कवितर्क सुरू झाले. पाण्याचाच मार्ग असावा अशी चर्चा झाली. शहराच्या ऐन वर्दळीच्या चौकाखाली माणूस जाईल एवढा बोगदा असतो आणि त्याचा नकाशा कोणाच्या चटकन हाती लागत नाही, तर १९८२ साली बाथरूमच्या भिंतीतून अर्ध्या इंचाचा पाइप कुठून नेला हे कोण सांगणार? तो नेणारा मिस्त्री हयात असला तर त्याला आठवेल, एरवी नाही.

पुनर्विकास हे आजचे सर्वमान्य औषध आहे. वाडा पाडा, इमारत बांधा, कटकट मिटली. पेठांत आणि आता साठ-सत्तरच्या दशकांतल्या सोसायट्यांतही तेच चालू आहे. कुजलेल्या तुळया आणि कागदी भाडी पाहता अनेक ठिकाणी दुसरा मार्गही नाही. पण करारात चटई क्षेत्र, पार्किंग, कॉर्पस आणि भाड्याचे महिने यांवर रात्ररात्र वाद होतात. पाणी कुठून चढणार आणि कुठून उतरणार याचा कागद कोणी मागत नाही. तो मागा. सगळे पाइप माणूस उभा राहील एवढ्या रुंदीच्या उघड्या डक्टमधून न्यायचे, बाथरूममधला स्लॅब भरून न टाकता पाइप खालच्या बाजूने झडप उघडून तपासता येतील असे ठेवायचे, प्रत्येक मजल्यावर पाणी तोडण्याचा वेगळा व्हॉल्व्ह द्यायचा, आणि काम झाल्यावर प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनींचा नकाशा सोसायटीच्या दप्तरी जमा करायचा, एवढ्या अटी लिहून घ्या. इमारतीच्या एकूण खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. जे जुन्याच घरात राहणार आहेत त्यांनी पुढच्या वेळी प्लंबर भिंत फोडेल तेव्हा सिमेंट भरण्याआधी आतल्या पाइपाचा फोटो काढावा, टेपने अंतरे मोजून त्याच्यावर लिहावीत आणि तो वीजबिलांच्या फायलीत ठेवावा.